रासायनिक घटना चुंबकाने टिपायची, तर रेणू कसा हवा?

१९३६ साली लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म मोजले. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढले जाते आणि ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर ढकलले जाते, असे त्यांना आढळले. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात आणि ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनच्या प्रत्येक हीममधील, म्हणजे ऑक्सिजन धरणाऱ्या गटातील, लोहावर चार. म्हणजे दोघेही आपापल्या जागी समचुंबकीय, चुंबकाकडे ओढले जाणारे, आणि तरीही दोघे बांधले गेले की एकही इलेक्ट्रॉन अयुग्मित उरत नाही. रासायनिक बंधांचा सिद्धान्त शिकवताना आम्ही हे उदाहरण हमखास देतो आणि पुढे जातो. १९९० मध्ये सेजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र याच फरकाचा एमआरआय प्रतिमांमध्ये उपयोग करून दाखवला, आणि मेंदूचा कोणता भाग कामाला लागला आहे हे कवटी न उघडता पाहण्याची पद्धत त्यातून उभी राहिली.

हिमोग्लोबिन हा, थोडक्यात, निसर्गाने घडवलेला प्रतिसादी प्रोब आहे: एखादी रासायनिक घटना घडली की ज्याची चुंबकीय अवस्था बदलते आणि तो बदल बाहेरून टिपता येतो, असा रेणू. असे रेणू प्रयोगशाळेत मुद्दाम घडवण्याचा उद्योग गेली काही दशके जोरात चालू आहे. कॅल्शियम वाढले, जस्त सुटले, आम्लता बदलली, एखाद्या विकराने आपले काम केले, अशा प्रत्येक घटनेसाठी निरनिराळे प्रोब प्रसिद्ध झाले आहेत. एम.एस्सी.च्या वर्गासाठी या विषयाची टिपणे काढताना मला सतत एकच गोष्ट खटकत राहिली, आणि हा लेख तिच्यासाठीच आहे. प्रतिसाद देणारा रेणू घडवणे अवघड असले तरी जमते. पण मिळालेला प्रतिसाद घटनेमुळे आहे की केवळ तिथे प्रोब जास्त साठल्यामुळे आहे, हे ओळखू येईल असा रेणू घडवणे फार कमी जणांना जमले आहे. हिमोग्लोबिनही या दोषातून सुटलेले नाही, कारण मेंदूच्या त्या प्रतिमांमध्ये ऑक्सिजनचे प्रमाण, रक्ताचा प्रवाह आणि रक्ताचे आकारमान या तिन्हींचा परिणाम एकाच संकेतात मिसळलेला असतो.

मुळात चुंबक कशासाठी, तर प्रकाश शरीरात फार आत पोहोचत नाही म्हणून. रॉजर त्सिएन यांनी १९८० पासून कॅल्शियमसाठी जे चकाकणारे रेणू घडवले त्यांनी पेशीविज्ञानाचे चित्र पालटले, पण जाड ऊतीतून तो उजेड काही मिलिमीटरच्या पुढे नीट दिसत नाही. चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी यांना ही अडचण नाही. त्यांची अडचण वेगळी आहे. ३ टेस्लाच्या यंत्रात शरीराच्या तापमानाला, दहा लाख प्रोटॉनांमागे क्षेत्राच्या दिशेने असलेल्यांची सरशी जेमतेम दहाच्या आसपास असते, आणि सगळी प्रतिमा त्या दहांच्या जोरावर उभी राहते. पाणी मुबलक आहे म्हणून हे निभावते: एक लिटर पाण्यात साधारण ५५ मोल रेणू आणि प्रत्येकात दोन हायड्रोजन. म्हणून बहुतेक प्रोब स्वतः दिसत नाहीत. ते आसपासच्या पाण्याचे वागणे बदलतात आणि आपण ते पाणी पाहतो.

गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयात जाऊन एमआरआय करून आलेले नातलग सांगतात की, आधी फोटो काढले, मग इंजेक्शन देऊन पुन्हा काढले. त्या इंजेक्शनात बहुधा गॅडोलिनियमचे संयुग असते. नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोला ०.१ मिलिमोल, म्हणजे साठ किलोच्या माणसाला जवळजवळ एक ग्रॅम गॅडोलिनियम. या आयनावर सात अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात. रेडिओलहरीने ढळलेले प्रोटॉन मूळ स्थितीला परततात त्याला शिथिलन म्हणतात, आणि गॅडोलिनियमजवळ येऊन गेलेल्या पाण्याच्या प्रोटॉनांचे शिथिलन कितीतरी वेगाने होते. मोकळा आयन विषारी आहे, कारण त्याचा आकार कॅल्शियमच्या आयनाच्या इतका जवळ आहे की कॅल्शियमच्या जागी घुसून तो शरीरातील प्रक्रिया बिघडवतो. म्हणून त्याला एका सेंद्रिय लिगंडने, म्हणजे धातूचा आयन धरून ठेवणाऱ्या रेणूने, चहूबाजूंनी बांधून फक्त एक जागा पाण्याच्या रेणूसाठी मोकळी ठेवतात. १९८८ मध्ये वापरात आलेल्या पहिल्या संयुगात, म्हणजे डीटीपीए या लिगंडबरोबरच्या किलेटमध्ये (लिगंडने असा बांधलेला आयन म्हणजे किलेट), त्या एका जागेवरचा पाण्याचा रेणू सेकंदाला तीसेक लाख वेळा बदलतो. एकच आयन एवढ्या पाण्यावर परिणाम करू शकतो तो या अदलाबदलीमुळे.

इथे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात आणि तो योग्य असतो: अयुग्मित इलेक्ट्रॉनच हवे असतील, तर ज्याचे चुंबकीय आघूर्ण गॅडोलिनियमपेक्षाही मोठे आहे तो डिस्प्रोझियम का नको? कारण आघूर्ण किती मोठे यापेक्षा ते किती सावकाश डोलते हे महत्त्वाचे असते. डिस्प्रोझियमच्या इलेक्ट्रॉनांचे स्वतःचे शिथिलन इतके झटपट होते की प्रोटॉनांना त्याचा उपयोग होत नाही. गॅडोलिनियमचे इलेक्ट्रॉन त्या मानाने हजारो पटींनी संथ असतात. आवर्तसारणीत नुसती संख्या पाहून निवड केली की पहिल्याच पायरीवर पाय घसरतो.

एवढे कळले की प्रोबची रचना कुठे वळवता येईल ते दिसू लागते. पाण्याची जागा उघडता किंवा झाकता येते. रेणूचे गरगरणे संथ किंवा जलद करता येते. पाण्याच्या अदलाबदलीचा वेगही बदलता येतो, पण त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, कारण त्यावर उभे राहिलेले यशस्वी प्रोब थोडेच आहेत.

पहिल्या मार्गाचे गाजलेले उदाहरण थॉमस मीड यांच्या गटाचे आहे. १९९७ मध्ये त्यांनी गॅडोलिनियमच्या किलेटला गॅलॅक्टोज शर्करेचे असे झाकण बसवले की पाण्याची जागा अडली जावी. बीटा-गॅलॅक्टोसायडेज हे विकर भेटले की ते झाकण तोडते आणि पाणी आत येते. २००० साली याच कल्पनेच्या सुधारित रेणूने बेडकाच्या जिवंत भ्रूणात ते विकर कुठे निर्माण होत आहे हे दाखवून दिले. या कामात मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती विकराची निवड. विकर झिजत नाही. त्याचा एक रेणू एकामागून एक असंख्य प्रोबांची झाकणे उघडतो, आणि त्यामुळे मूळ घटना क्षीण असली तरी संकेत साठत जातो. मात्र तो प्रोब पेशीच्या पडद्यातून आपण होऊन आत जात नाही म्हणून भ्रूणात सुईने टोचावा लागला, ही बाब उत्साही गोषवाऱ्यांतून गळून पडते.

दुसऱ्या मार्गाचे उदाहरण डीन शेरी यांच्या गटाचा जस्ताचा प्रोब. स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन साठवतात ते जस्ताबरोबर बांधून, आणि इन्सुलिन सोडले की जस्तही बाहेर पडते. हा प्रोब जस्ताला धरतो, आणि जस्त धरलेला प्रोब रक्तातील अल्ब्युमिनला जाऊन चिकटतो. छोट्या रेणूचे वेगाने गरगरणे थांबते, अजस्र प्रथिनाबरोबर ते संथ होते आणि शिथिलनाचा परिणाम एकदम वाढतो. २०११ मध्ये त्यांनी ग्लुकोज दिल्यावर उंदरांच्या स्वादुपिंडात होणारा हा बदल प्रतिमेत दाखवला. शरीरात आयते उपलब्ध असलेले प्रथिन संकेत वाढवण्यासाठी वापरणे ही युक्ती मला फारच आवडते.

आता त्या खटकणाऱ्या गोष्टीकडे येते. १९९९ मध्ये मीड यांच्याच गटाने कॅल्शियमसाठी एक प्रोब प्रसिद्ध केला. कॅल्शियम नसताना त्याची शिथिलनक्षमता, म्हणजे पाण्याचे शिथिलन वाढवण्याची ताकद, दर मिलिमोलरला, दर सेकंदाला ३.२६ होती आणि कॅल्शियम मिळाल्यावर ५.७६ झाली. साधारण ७५ टक्क्यांहून अधिक वाढ म्हणजे कागदावर उत्तमच. फळ्यावर आम्ही त्याचे गणित मांडले. ऊतीचा मूळ शिथिलन-वेग सोयीसाठी सेकंदाला १ धरला आणि प्रोबची संहती ५० मायक्रोमोलर मानली. कॅल्शियम नसताना वेग १.१६३ येतो, आणि सगळा प्रोब कॅल्शियमने भरला तर १.२८८. दहा-अकरा टक्के फरक. चांगले यंत्र हा टिपू शकेल.

"मॅडम, पण मग कॅल्शियम नसलेला प्रोबच थोडा जास्त घातला तर?" मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले. तिनेच वहीत भागाकार केला: सुमारे ८८ मायक्रोमोलर रिकाम्या प्रोबनेही वेग १.२८८ च्या जवळ जातो. म्हणजे प्रतिमेत तो ठिपका उजळला याचे कारण कॅल्शियम वाढले हे असेल, किंवा तिथे रक्तवाहिन्या जास्त असल्याने प्रोब जास्त पोहोचला हेही असेल, आणि आकडा दोन्हींसाठी जवळजवळ एकच. दिवाळीच्या रात्री मांडवी नदीपलीकडे उजेड वाढलेला दिसला तर पणत्या वाढल्या की ज्योती मोठ्या केल्या हे अलीकडच्या काठावरून सांगता येत नाही, तशीच ही गत आहे.

प्रयोगशाळेत ही शंका मनातही येत नाही, आणि त्याला कारण आहे. गुईच्या तराजूवर चुंबकग्राह्यता मोजताना विद्यार्थी मर्क्युरी टेट्राथायोसायनेटोकोबाल्टेटची गडद निळी पूड काचेच्या अरुंद नळीत थोडीथोडी घालतात, प्रत्येक वेळी नळी लाकडी फळीवर हलकेच आपटून पूड दाबून बसवतात, कारण मधे पोकळी राहिली की उत्तर बिघडते. मग चुंबक बंद असताना आणि चालू असताना वजन घेतात. सूत्राच्या छेदस्थानी पुडीचे वस्तुमान असते, आणि ते आपण स्वतःच आधी तोललेले असते. द्रावणासाठी १९५९ ची इव्हान्स पद्धत वापरली तरी छेदात संहती येतेच. म्हणजे चुंबकीय मोजमापाने पदार्थाचा गुण कळतो तो त्याचे प्रमाण आधी माहीत असले तर. शरीरातील एखाद्या ठिकाणी किती प्रोब आहे हे मात्र आधी तोलून ठेवण्याची सोय नसते, आणि तरीही पुष्कळसे शोधनिबंध नळीतील द्रावणाच्या आकड्यांवरून शरीरातील शक्यता वर्तवतात.

कॅल्शियमच्या बाबतीत याहून मोठा घोटाळा आहे. शांत पेशीच्या आत मोकळे कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर असते आणि पेशी उद्दीपित झाली की ते मायक्रोमोलरच्या आसपास जाते. तिथे ५० मायक्रोमोलर प्रोब नेऊन सोडला तर प्रोबच्या मानाने कॅल्शियम तुटपुंजे ठरते. जे आहे ते प्रोबच गिळून टाकतो, आणि ज्या घटनेकडे पाहायला गेलो तीच दबून जाते. चकाकणाऱ्या रेणूंनाही हा दोष लागतो, पण ते फार कमी संहतीत दिसत असल्याने त्यांचे निभावते. यावरून मी विद्यार्थ्यांना एक ढोबळ नियम सांगते: पाण्याच्या प्रोटॉनांवर अवलंबून असलेला प्रोब घडवायचा असेल, तर ज्याचा शोध घ्यायचा तो पदार्थ निदान दहा-वीस मायक्रोमोलर असावा, नाहीतर तो विकरासारखा पुन्हा पुन्हा काम करणारा असावा. पेशीबाहेरचे कॅल्शियम मिलिमोलरच्या घरात असते, बीटा पेशींतून सुटणारे जस्त त्या क्षणापुरते भरपूर असते, आम्लता तर सर्वत्र असते. पेशीच्या आतल्या कॅल्शियमचा नाद गॅडोलिनियमने सोडलेला बरा, असे माझे मत आहे.

संहतीच्या प्रश्नावर उपाय नाहीत असे नाही, आणि गंमत अशी की त्यातला एक उपाय कॅल्शियमच्या गॅडोलिनियम-प्रोबच्याही आधीचा आहे. १९८३ मध्येच त्सिएन यांच्या बाप्टा या रेणूवर फ्लोरिन बसवून पेशींतील कॅल्शियम मोजले गेले. कॅल्शियम धरलेल्या आणि रिकाम्या रेणूतील फ्लोरिनचे संकेत वर्णपटात वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात, त्यामुळे दोन शिखरांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढले की प्रोब एकूण किती आहे याला महत्त्वच उरत नाही. शरीराच्या मऊ ऊतींमध्ये दिसण्याजोगा फ्लोरिन मुळात नसतो, म्हणून पार्श्वभूमीही स्वच्छ. अडचण एवढीच की इथे पाण्याचे पाठबळ नाही. जेवढा फ्लोरिन घातला तेवढाच संकेत.

दुसरा उपाय रासायनिक अदलाबदलीचा आहे. प्रोबवरील हायड्रोजन पाण्याच्या हायड्रोजनशी जागा बदलत असतील, तर प्रोबच्या वारंवारतेला रेडिओलहर देऊन त्यांचा संकेत दाबता येतो आणि तो दाब पाण्यात उतरतो. २००० साली रॉबर्ट बालबन यांच्या गटाने ही पद्धत मांडली तेव्हाच त्यांनी हे ओळखले होते की एकाच रेणूवर अशा दोन जागा असतील तर त्यांच्या गुणोत्तरावरून संहतीशिवाय पीएच काढता येतो. इटलीतील तोरिनोच्या सिल्विओ आइमे यांच्या गटाने त्यासाठी नवा रेणू बनवण्याच्या फंदात न पडता आयोपॅमिडॉल हे क्ष-किरण तपासणीत वापरले जाणारे आयोडीनयुक्त औषध उचलले, कारण त्यावर दोन तऱ्हेचे अमाइड हायड्रोजन आयतेच आहेत. ते भरपूर मात्रेत देण्याचा अनुभव रुग्णालयांना आधीपासून होताच. नव्या रेणूच्या संश्लेषणावर वर्षे घालवण्यापूर्वी औषधांच्या जुन्या यादीवरून एकदा नजर फिरवावी, हे मला या कामातून पटले.

गॅडोलिनियमच्या प्रोबांवर आणखी एक सावली आहे. २००६ च्या सुमारास, मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांमध्ये त्वचा आणि सांधे घट्ट होत जाणाऱ्या एका गंभीर आजाराचा संबंध गॅडोलिनियमच्या काही संयुगांशी लागला. २०१७ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने सरळ साखळीच्या लिगंडांची काही संयुगे वापरातून काढण्याची शिफारस केली. बारा अणूंच्या वलयात आयन कोंडणारा डोटासारखा लिगंड त्या मानाने घट्ट धरतो. प्रतिसादी प्रोबच्या रचनाकाराची कोंडी इथेच होते: प्रतिसाद मिळण्यासाठी आयनाभोवतीची एखादी जागा सुटावी लागते, आणि जेवढे बंध सैल तेवढा आयन निसटण्याचा धोका जास्त. नळीतला प्रतिसाद वाढवण्याच्या नादात ही बाजू दुर्लक्षित राहते, आणि परीक्षणाला आलेल्या निबंधात मी आता सर्वांत आधी तेच शोधते.

त्यामुळे मँगनीजकडे लोकांचे लक्ष वळले आहे, आणि गोव्यात बसून हे लिहिताना त्याबद्दल लिहिणे भाग आहे. सांगे-केपे भागातील मँगनीजच्या खनिजाचा काळा तुकडा आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात कायम असतो. बी.एस्सी.चे विद्यार्थी पायरोलुसाइटमधील मँगनीज डायऑक्साइडचे प्रमाण काढतात: तोललेली काळी पूड, मोजून घातलेले ऑक्झलेट, विरल सल्फ्युरिक आम्ल, आणि मंद आच. कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे येऊ लागतात, काळेपणा हळूहळू विरतो, आणि शेवटी तळाशी वाळूसारखा पांढुरका गाळ व वर जवळजवळ रंगहीन द्रावण उरते. मग उरलेल्या ऑक्झलेटचे गरम असतानाच परमँगनेटने अनुमापन करतात. या पेल्यात चुंबकीयदृष्ट्या जे घडते ते मात्र कोणी मोजत नाही. घन ऑक्साइडमधील मँगनीजवर तीन अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात, पण पाणी त्यांच्यापर्यंत फारसे पोहोचत नाही, म्हणून पुडीचा पाण्यावरचा परिणाम क्षीण. विरघळल्यावर सुटणाऱ्या मँगनीज-द्वयी (Mn²⁺) आयनावर पाच अयुग्मित इलेक्ट्रॉन आणि भोवती पाण्याचे सहा रेणू, तेही झपाट्याने बदलणारे. एमआरआयचे एक जनक पॉल लॉटरबर यांनी त्या तंत्राच्या अगदी सुरुवातीच्या काळात कॉन्ट्रास्टसाठी वापरून पाहिला तो हाच आयन.

नॅनोआकाराचे मँगनीज डायऑक्साइड घेऊन हीच प्रक्रिया आता प्रोब म्हणून वापरतात. पेशींच्या आत ग्लुटाथायोन मिलिमोलरच्या घरात असते आणि ते या ऑक्साइडचे क्षपण करते. हायड्रोजन पेरॉक्साइड आम्लधर्मी वातावरणात तेच करते. शोधायचा पदार्थ मुबलक असावा हा वरचा नियम इथे आपोआप पाळला जातो, आणि सुरुवातीचा संकेत जवळजवळ शून्य असल्याने साठवणीचा गोंधळही बराच कमी होतो. तरी तो संपत नाही: थोडे कण पूर्ण विरघळले की पुष्कळ कण अर्धवट विरघळले, हे कळत नाही. शिवाय ही प्रक्रिया उलटत नाही, त्यामुळे घटना घडून गेली एवढे कळते, ती अजून चालू आहे का हे नाही. मोकळे मँगनीज जास्त झाले तर मज्जासंस्थेला घातक ठरते, हे खाणकामगारांच्या आजारांवरून फार पूर्वीच कळले आहे, तेव्हा मात्राही जपूनच ठेवावी लागते.

यावर एका विद्यार्थिनीने सुचवले की कणांवर फ्लोरिनयुक्त रेणू चिकटवावा: फ्लोरिनवरून कणांची संख्या कळेल आणि पाण्यावरून घटना, दोन्हींचे गुणोत्तर घेतले की झाले. कल्पना चांगली आहे, पण मँगनीजच्या अगदी जवळ बसलेल्या फ्लोरिनचे शिथिलन इतके वाढते की त्याची रेषा पसरून नाहीशी होते, आणि कण विरघळल्यावरच तो दिसू लागतो. म्हणजे तोही घटनाच सांगू लागला, संख्या नाही. फ्लोरिनचा उपयोग मोजणीसाठी करायचा तर तो मँगनीजपासून काही नॅनोमीटर दूर, एखाद्या स्वतंत्र गाभ्यात बंद असायला हवा आणि ऑक्साइडचे आवरण त्या गाभ्याबाहेर हवे. आवरण विरघळण्यापूर्वी आणि विरघळल्यानंतर फ्लोरिनचा संकेत तेवढाच राहतो, हे आधी नळीत दाखवता आले, तरच पुढचे प्रयोग करण्यात अर्थ आहे; तिच्या प्रबंधाच्या आराखड्यात पहिले प्रकरण आता तेवढ्याचेच आहे.